तिथीची पाऊणपट

दमयंती सभेत बोलायला गेली नव्हती, सही करायला गेली होती. वडिलांच्या जागी वारस म्हणून सोसायटीच्या रजिस्टरात नाव लावायचं, सही करायची आणि पाऊस वाढायच्या आत घर गाठायचं, एवढाच बेत होता. पण रजिस्टर कपाटात होतं, कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे होती आणि सेक्रेटरी सभा संपल्याशिवाय किल्ली देत नसत, कारण ती दिली की निम्मी माणसं उठून जात. म्हणून ती बसली. माणसं वेबसाइट करण्याच्या नादाला का लागतात याची कारणं पुस्तकांत बरीच दिलेली आहेत. दमयंतीच्या बाबतीत कारण ती किल्ली.

सोसायटी म्हणजे बंदरवाडीची मच्छीमार सोसायटी. रत्नागिरी शहरातून खाडीवरचा पूल ओलांडून डावीकडे उतरलं की वाडी लागते. नऊ होड्या, एक धक्का आणि धक्क्यावर सोसायटीची खोली. खोलीच्या पडवीत भिंतीवर काळा फळा रंगवलेला. त्या फळ्यावर दमयंतीचे बाबा, रावजी तांडेल, एकतीस वर्षं रोज सकाळी खडूने एक ओळ लिहीत: आज पूर्ण भरती अमुक वाजता. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचलेला आहे आणि भरतीच्या पाण्याशिवाय त्याच्यावरून होडी जात नाही. त्यामुळे वाडीची न्याहारी, आंघोळी, भांडणं आणि लग्नाची बोलणी हे सगळं त्या एका ओळीवर चालत असे.

बाबा मे महिन्यात गेले. त्यानंतर लगेच मासेमारीची बंदी लागली, होड्या शाकारून वर ओढल्या गेल्या, आणि फळ्याची गरज कुणाला पडली नाही. शेवटची ओळ तशीच राहिली होती. ती पुसण्याचं काम कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं.

विषय क्रमांक चार त्याबद्दलच होता. पुढच्या निवडणुकीला उभं राहू इच्छिणाऱ्या एका सद्गृहस्थांनी सोसायटीला दिव्यांची पाटी द्यायचं कबूल केलं होतं. पाटीवर भरतीची वेळ सरकत जाणार आणि वेळेच्या आधी व नंतर सद्गृहस्थ हात जोडणार.

"फळा पुसायचा, वर पाटी ठोकायची," चेअरमन खंडूकाका म्हणाले. "रोज खडू घेवन कोण हुबा रवणार आता? जग मोबाइलवर गेला."

"बाबांच्या हिशेबाने वेळ ठरायची या वाडीत," असं कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी वळून पाहिलं तेव्हा दमयंतीच्या लक्षात आलं की ते आपणच म्हणालो. सभेत आजवर एकही बाई बोललेली नव्हती. शेजारच्या ठमाबाई बोलत, पण त्या खिडकीच्या बाहेरून बोलत, त्यामुळे ते इतिवृत्तात येत नसे.

"मग तू लिवणार काय रोज?" खंडूकाकांनी विचारलं.

दमयंती कॉलेजात ग्रंथपाल होती आणि आठच्या गाडीने जाई. "मोबाइलवर लावीन," ती म्हणाली. "वेबसाइट करते मी."

खिडकीतून ठमाबाई म्हणाल्या, "करूंदे गो तिला!" आणि ठराव झाला. ठराव असा: कै. रावजी तांडेल यांच्या पद्धतीने भरतीची वेळ दाखवणारं संकेतस्थळ त्यांच्या कन्येने नारळी पौर्णिमेपर्यंत विनामूल्य करून द्यावं. न जमल्यास, अथवा वेळ चुकल्यास, फळा पुसून पाटी लावण्यात यावी. 'विनामूल्य' हा शब्द सेक्रेटरींनी दोनदा अधोरेखित केला. मग किल्ली निघाली.

आता बाबांची पद्धत. ती त्यांनी शोधलेली नव्हती, किनाऱ्यावरच्या कुठल्याही जाणत्या माणसाला ती ठाऊक असते. पंचांगात तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे सहावीच्या पोराला जमेल असं गणित आहे. ग्रंथालयात पायथन शिकवणारं एक जाडजूड पुस्तक होतं. चार वर्षांपूर्वी दमयंतीनेच त्याच्यावर क्रमांक चिकटवला होता आणि तेव्हापासून ते कुणी नेलं नव्हतं. तिने ते स्वतःच्या नावावर चढवलं आणि घरी आणलं. प्रस्तावनेत लेखकाने म्हटलं होतं की ही भाषा इतकी सोपी आहे की वाचक पहिल्या दुपारीच काहीतरी उपयुक्त लिहील. दमयंतीने आयुष्यात पुष्कळ प्रस्तावना वाचल्या होत्या. तरीही तिने विश्वास ठेवला.

पहिल्या दुपारी तिने एक फाइल केली आणि तिला काय नाव द्यावं याचा विचार केला. वेबसाइट बनवायला जे तयार सामान वापरायचं होतं त्याचं नाव फ्लास्क. ग्रंथपालाच्या सवयीला अनुसरून जे आत आहे तेच वर लिहावं म्हणून तिने फाइललाही फ्लास्क नाव दिलं. मग प्रोग्राम चालवला. प्रोग्राम म्हणाला, फ्लास्क सापडत नाही. तिने ते पुन्हा बसवलं. तो म्हणाला, फ्लास्क आहे, पण रिकामं आहे. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी कळलं की प्रोग्राम सामान आणायला बाहेर जातच नव्हता. दारातच आपल्याच नावाची पाटी बघून तो परत आत येत होता आणि सामान स्वतःकडेच मागत होता. दमयंतीला यात नवीन काही वाटलं नाही. तिने वारसनोंदीचा अर्ज ज्या कचेरीत दिला होता तिथेही तो असाच त्याच टेबलावरून त्याच टेबलाकडे जात होता. फाइलचं नाव तिने 'भरती' ठेवलं आणि काम पुढे सरकलं. अर्ज अजून तिथेच आहे.

मुंबईला असलेला चुलतभाऊ रूपेश कॉम्प्युटरमध्ये होता. म्हणजे नेमकं काय करत होता हे घरात कुणाला माहीत नव्हतं, पण लग्न जमताना ते पुरलं होतं. तिने त्याला फोन केला.

"पायथन?" रूपेश म्हणाला. "ताई, आता पायथन कोण वापरतं?"

"मग काय वापरतात?"

"ते तुझ्या गरजेवर आहे. तू आधी लॉगिन कर. लॉगिनशिवाय वेबसाइटला कुणी मानत नाही. मोबाइल नंबर, ओटीपी, मग आत."

"भरती बघायला ओटीपी?"

"सिक्युरिटी, ताई," रूपेश गंभीरपणे म्हणाला. समुद्र कोण चोरून नेणार होतं हे त्याने सांगितलं नाही.

मग ओळींच्या सुरुवातीच्या जागेचं प्रकरण झालं. पायथनमध्ये कुठली ओळ कुठल्या ओळीच्या ताब्यात आहे हे डावीकडे किती जागा सोडली यावरून ठरतं. एक ओळ एका घराने जरी पुढेमागे झाली तरी तो सगळा कारभार थांबवतो आणि चूक दाखवतो, आणि तीही बहुतेक वेळा खऱ्या चुकीच्या खालच्या ओळीत. दमयंतीने दोन संध्याकाळी निर्दोष ओळींची उलटतपासणी केली. शेवटी चष्मा बदलला. नवा चष्मा येईपर्यंत आठ दिवस गेले, तेही ती वेबसाइटच्याच कामात धरत असे.

पंचांगातून पुढच्या वर्षभराच्या तिथी तिने एकेक करून उतरवून घेतल्या. इथे वाडीत दोन तट पडले, कारण वाडीत दोन पंचांगं येत आणि एका षष्ठीबद्दल त्यांचं जमत नव्हतं. ठमाबाई त्यांच्या माहेरच्या पंचांगाच्या बाजूने उभ्या राहिल्या. "त्यातली षष्ठी खरी. आमच्या बापाशीन त्याच्यावर सात पोरींची लग्ना केलान."

"सातही टिकली?"

"षष्ठीचा इचारलास ना? मग षष्ठीचाच बोल."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पडद्यावर पहिल्यांदा ओळ उमटली. बाबा लिहीत तशीच, त्याच शब्दांत. आज पूर्ण भरती. दमयंती काही वेळ तिच्याकडे बघत बसली. मग उठली, चहा केला, चहा प्यायची राहिली आणि पत्ता सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला. पत्ता होता १२७.०.०.१, आणि पुढे थोडे आकडे.

दहा मिनिटांत तेवीस उत्तरं आली. 'अभिनंदन.' 'अतिशय सुंदर मांडणी.' 'रंगसंगती छान.' 'तात्यांचा वारसा पुढे नेलात.' (वाडीत बाबांना तात्या म्हणत.) सेक्रेटरींनी तर 'माहिती उपयुक्त, तथापि अक्षर थोडं मोठं हवं' असा अभिप्राय दिला. खंडूकाकांनी अंगठा दाखवला. दुसऱ्या दिवशी पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर तिला समजलं की हा पत्ता म्हणजे प्रत्येक यंत्राने स्वतःला मारलेली हाक आहे. तो फक्त ज्याच्या त्याच्या घरात उघडतो, आणि तिच्या लॅपटॉपखेरीज जगातल्या कुठल्याही यंत्रावर काल काहीही उघडलेलं असणं शक्य नव्हतं. तेवीस माणसांनी कोऱ्या पडद्याची रंगसंगती वाखाणली होती. तिला राग यायला हवा होता. पण वाडीने बाबांच्या दिवसांना भाषणंही अशीच केली होती, आणि त्या वेळी त्यांचा आधार वाटला होता. तिने ग्रुपवर काही लिहिलं नाही. सेक्रेटरींसाठी अक्षर मात्र मोठं केलं.

खरी जागा घेऊन वेबसाइट तिथे चढवायची तर नाव लागतं, आणि नाव घ्यायचं तर समितीची संमती लागते. उपसमिती नेमली गेली. उपसमितीने मुख्य पानाचा आराखडा मंजूर केला तो असा: वर चेअरमनचा फोटो, बाजूला व्हाइस चेअरमनचा फोटो (पहिल्यापेक्षा लहान), त्याखाली चेअरमनचं मनोगत, माजी चेअरमन, आजी सदस्य, सोसायटीची उद्दिष्टं, आणि जागा उरल्यास भरतीची वेळ.

"काका," दमयंती म्हणाली, "होडीत उभं राहून, एका हातात वल्हं धरून, मनोगत कोण वाचेल?"

खंडूकाकांनी विचार केला. "खरा. मग माझा फोटो मोठा घे. वाचूक लागत नाय."

तिने फोटो पानाच्या तळाशी घातला. तिथपर्यंत कुणी पोचत नाही हे तिला तेवीस अभिप्रायांवरून कळलं होतं.

वेबसाइट जगाला दिसू लागली त्या दिवशी सकाळी ठमाबाई दारात. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात कोळंबीची टोपली.

"दमे, ही भरती नऊ पॉइंट पंचाहत्तर वाजता लिवलंस. पंचाहत्तर मिंटा खंयच्या घड्याळात असतत गो?"

त्या दिवशी त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. पावणेदहा म्हणजे यंत्राच्या भाषेत नऊ दशांश सात पाच, आणि यंत्राने ते जसंच्या तसं छापलं होतं. दमयंतीला शाळेत गणितात पंचाण्णव गुण होते, हे तिने सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी तिने दशांशाचे तास आणि मिनिटं करणाऱ्या तीन ओळी लिहिल्या. तेवढ्यात सेक्रेटरींनी ग्रुपवर खुलासा टाकला होता की ९.७५ म्हणजे दहा वाजून पंधरा मिनिटं, कारण पंचाहत्तरातून साठ गेले की पंधरा उरतात. त्यावर एकोणीस अंगठे आले होते.

त्यानंतरची चूक मात्र तिला जिव्हारी लागली. खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि बायका मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायला उतरतात. पाणी पुरतं उतरल्याशिवाय पाय घालायचा नसतो. ठमाबाईंनी पहाटे पाचला वेबसाइट बघितली, हिशेब केला, उतरल्या, आणि कमरेपर्यंत भिजून, एक चप्पल खाडीला देऊन परत आल्या. सातला दमयंतीने वेबसाइट बघितली तर वेळ अगदी बरोबर. ठमाबाईंनी शपथ घेतली की पहाटे निराळी होती. दमयंतीला वाटलं वयोमान. ठमाबाईंना वाटलं वेबसाइट. आयुष्यात बहुतेक वेळा होतं त्याप्रमाणे ठमाबाई बरोबर होत्या. दुसऱ्या दिवशी दमयंतीने स्वतः पहाटे उठून पाहिलं. साडेपाच वाजेपर्यंत वेबसाइट आदल्या दिवशीची तिथी दाखवत होती. मग एकदम, जाग आल्यासारखी, नवी तिथी लावली.

"ज्या यंत्रावर वेबसाइट ठेवलीय ते परदेशात आहे, काकी," तिने समजावलं. "त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. आपल्याकडे पहाट, तर त्याच्याकडे अजून कालची रात्र."

"मग त्याका सांग, बाबा, भरती हयची हाय."

सांगायला एक ओळ पुरली. ती ओळ लिहायची असते हे कळायला एक चप्पल लागली. चप्पल दमयंतीने भरून दिली, जोडीची दिली, आणि ठमाबाईंनी दुसरी जुनीही टाकून दिली नाही.

असं करत करत श्रावण आला, आणि नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी वेबसाइट पूर्ण होती. दमयंतीने ती सरकारी तक्त्याशी ताडून बघितली. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे, बाकी चोख. पौर्णिमा, पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. बाबांची पाऊणपट खरी ठरत होती, परदेशातल्या यंत्रावर, सगळ्यांच्या खिशात. त्या रात्री तिला पुष्कळ दिवसांनी झोप लागली.

आता बंदरवाडीतला एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याने झालं. धक्क्यावरून पहिली होडी खंडूकाकांची निघते. त्यांच्या घराण्याचा मान आहे. पहिला नारळ त्यांचा, पहिली होडी त्यांची, आणि ती निघेपर्यंत मागची एकही होडी धक्का सोडत नाही. वर्षभर, दररोज. हा मान कुणी दिला ते कुणाला माहीत नाही, त्यामुळे तो काढूनही घेता येत नाही.

पौर्णिमेला सव्वाअकरा वाजता आठ होड्या फुलं बांधून तयार होत्या. पाणी काठोकाठ. खंडूकाका आले अकरा पन्नासला, नवं धोतर सावरत, पान चघळत, वेळेवर आलेल्या माणसाच्या चालीने. मग नारळ. मग आरती. मग दिव्यांच्या पाटीचे सद्गृहस्थ, जे योगायोगाने आले होते, त्यांचे दोन शब्द. दोन शब्दांना बावीस मिनिटं लागली. खंडूकाकांची होडी दांड्याशी पोचली तेव्हा पावणेएक झाला होता आणि पाणी उतरू लागलं होतं. होडी दांड्यावर चढली आणि तिथेच बसली, फुलांसकट. मागे आठ होड्या एकीमागे एक, तहसीलदार कचेरीतल्या रांगेसारख्या. त्या अरुंद वाटेत वळताही येईना. रात्रीच्या भरतीपर्यंत सगळी वाडी आपापल्या होडीत नैवेद्य खात बसली होती. बायका धक्क्यावरून ओरडून जेवणाच्या चौकशा करत होत्या. सद्गृहस्थ तोपर्यंत दुसऱ्या कार्यक्रमाला गेले होते.

"तात्यांचा फळा एकतीस वर्षांत एकदाव चुकला नाय," खंडूकाका ओल्या धोतराचा सोगा पिळत धक्क्यावर चढले तेव्हा म्हणाले. "आणि तुझी वेबसाइट पैल्या दिवशी!"

"वेळ बरोबर होती, काका. सरकारी तक्ता दाखवते."

"तक्ता घेवन काय करू? होडी बसली ना?"

होडी बसली होती. लोकांनी माना डोलावल्या. ग्रुपवर 'तात्या ते तात्या' असं कुणीतरी टाकलं आणि त्याखाली हात जोडलेली तेवीस चित्रं. सेक्रेटरींनी ठरावाची प्रत जोडली. 'अथवा वेळ चुकल्यास' याखाली रेघ. चतुर्थीला सभा लावली. सभेत फळा पुसायचा.

दमयंतीने वेबसाइटची एकेक ओळ पुन्हा तपासली. तिथी बरोबर, पाऊणपट बरोबर, घड्याळ बरोबर. जिथे चूकच नाही तिथे चूक शोधणं हे सगळ्यात दमवणारं काम असतं. शेवटी बाबांचे जुने आकडे घेऊन ताडायचे एवढंच उरलं. त्यांच्या वह्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होत्या. ती पेटी अजून उघडली नव्हती. वेळ झाला नाही, असं ती विचारणाऱ्याला सांगत असे.

एकतीस वह्या निघाल्या. दर पानावर तारीख, तिथी, आणि पुढे दोन रकाने. एकावर लिहिलं होतं 'पाणी', दुसऱ्यावर 'फळा'. 'पाणी'खालचा आकडा तिच्या वेबसाइटशी तंतोतंत जुळत होता. 'फळा'खालचा जुळत नव्हता. पहिल्या वहीत फळा पाण्याच्या दहा मिनिटं आधी होता. चौथ्या वहीत पंधरा. अकराव्या वहीत वीस, आणि तिथे समासात बारीक अक्षरात 'खं. ला कळलं बहुतेक'. विसाव्या वहीत पंचवीस. शेवटच्या वहीत सरसकट पस्तीस. एकतीस वर्षं बाबांनी फळ्यावर खरी वेळ एकदाही लिहिली नव्हती.

शेवटच्या वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानावर सगळ्यात खाली दुसऱ्या दिवसाची तारीख आणि तिथी लिहून ठेवलेली होती. तिच्या पुढचे दोन रकाने रिकामे होते. दमयंतीने बोटाने त्या ओळीवरची धूळ पुसली. धूळ फारशी नव्हती.

मग ती खाली उतरली, लॅपटॉप उघडला आणि पाऊणपटीच्या ओळीखाली एक ओळ घातली: उणे पस्तीस.

दुसऱ्या दिवशी खंडूकाका नेहमीसारखे उशिरा आले, आणि पाणी काठोकाठ होतं. नऊ होड्या दांड्यावरून लोण्यातून सुरी जावी तशा गेल्या. बाकीचे आठ जण पस्तीस मिनिटं धक्क्यावर विड्या ओढत बसले होते, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. एकतीस वर्षं ते तेच करत आले होते. ग्रुपवर लिहून आलं, 'वेबसाइट सुधारली.' रूपेशने मुंबईहून लिहिलं, 'मी सांगितलं होतं ते केलं वाटतं.'

चतुर्थीच्या सभेआधी तासभर खंडूकाका दमयंतीच्या पडवीत येऊन बसले. ते याआधी या घरात बाबांच्या दहाव्याला आले होते. त्यांनी चहा नको म्हटलं, मग घेतला. मोबाइल काढला. त्यावर सरकारी तक्ता होता.

"नातवान काढून दिलान," ते म्हणाले. "दमे, तुझी वेळ पस्तीस मिंटा आधीची हाय."

"हो."

"रावजीची पण होती?"

दमयंतीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. खोटं सांगता आलं असतं. "हो, काका."

"एकतीस वर्षां तो माका फसवत होता?"

"नाही, काका. पहिल्या वर्षी दहाच मिनिटं."

खंडूकाकांनी कप खाली ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि दमयंतीला आधी वाटलं ते रडतायत, मग वाटलं हसतायत, आणि नंतर तिने ते ठरवायचं सोडून दिलं.

"माका ठावक होता," ते डोळे पुसत म्हणाले. "पैल्या वर्षाच कळला माका. म्हटलं, माझा मान नि हा माका घड्याळ शिकवता? दहा मिंटा उशिरा जावक लागलो. त्यान पंधरा केलान. मी पंधरा केलंय. एकदा पण तो तोंडान काय बोललो नाय. मी पण नाय. रोज सकाळी फळ्याकडं बघून मी म्हणायचो, आज किती मारलान बघूया." ते थांबले. "पुनवेक मी माझी पस्तीस मारून इलंय. पाणी गेलेला. तवा कळला, की तो खराच नाय आता."

कुंपणापलीकडून ठमाबाई ऐकत होत्या.

सभेत खंडूकाकांनी विषय क्रमांक एक पुकारला आणि स्वतःच संपवला. "पाटी नको. तिच्याशी माका जमणार नाय." इतिवृत्तात कारण काय लिहायचं, असं सेक्रेटरींनी विचारलं. "लिवा, तांत्रिक," खंडूकाका म्हणाले. मग उठताना दमयंतीजवळ येऊन हळूच विचारलं, "किती ठेवणार हायस आता?"

"ते मी सांगणार नाही, काका."

"बरा," ते म्हणाले, आणि छाती काढून बाहेर पडले.

घरी येऊन दमयंतीने त्या ओळीतला आकडा बदलला. बदल चढवला. मग माळ्यावरून आणलेल्या शेवटच्या वहीशेजारी दोनशे पानी नवी वही ठेवली, तिच्यात दोन रकाने आखले आणि रजेचा अर्ज लिहिला.

पंचमीला पाणी पावणेचारला होतं. वेबसाइटवर तीन वाजून पाच मिनिटं. दमयंती तीनलाच धक्क्यावर जाऊन उभी राहिली. आठ होड्यांची माणसं वाट बघत बसली होती. तीन चाळीस झाले, त्रेचाळीस झाले. पाणी दगडाच्या वरच्या पायरीला लागलं, आणि त्याच वेळी वळणावर खंडूकाका दिसले, पान चघळत, कुठलीही घाई नसलेले. ते सरळ होडीकडे गेले. एक पाय आत ठेवला, थांबले, आणि वळून पाहिलं.

"चाळीस?" त्यांनी विचारलं.

दमयंती पाण्याकडे बघत होती.

"भरती झाली, काका," ती म्हणाली. "निघा."